तुसाची गादी

बैल पाडायचा म्हणजे चार गडी लागतात, असं लोक म्हणतात. वराळ्याच्या भिकाजीला एक दोर आणि अर्धी बिडी लागायची. दोराचे दोन वेढे बैलाच्या अंगाभोवती टाकायचे, शेपटाकडं उभं राहून दमानं खेचायचं, आणि बिडी संपायच्या आत बैल असा खाली यायचा, की जणू त्यालाच बसावंसं वाटलं होतं. मग चारी पाय एका जागी आवळून भिकाजी उकिडवा बसायचा. वाढलेला खूर तासून साळायचा, लोखंडाची पत्री बसवायची, खिळे ठोकायचे. बैलाचा खूर दुभंगलेला. एका पायाला दोन, चार पायांना आठ पत्र्या. खिळा खुराच्या मेलेल्या भागातनं वाट काढत बाजूनं बाहेर आला पाहिजे. गव्हाएवढा आत सरकला की मास लागलं, बैल लंगडा झाला आणि ठोकणाऱ्याचं नाव गेलं.

भिकाजीचं नाव चाळीस वर्षांत गेलं नव्हतं. ते त्या सोमवारी जायला निघालं.

हा हुन्नर त्याचा बाप तळेगावच्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या नालबंदाकडनं शिकला होता. छप्पन साली वस्तीनं धम्म घेतला, त्या दिवसापासनं मेलेली ढोरं ओढायचं काम बापानं सोडलं. हाताला दुसरं काम पाहिजे होतं. मेलेल्या ढोराचा पाय सोडला तो जित्या ढोराचा धरला, असं तो सांगायचा, पण तेवढंच. आधीच्या कामाचं नाव घरात काढायचं नाही, असा त्याचा दंडक होता, आणि तो भिकाजीनंही मोडला नव्हता.

ट्रॅक्टर आले, बैल गेले, आणि भिकाजीची हातोडी गंजायला लागली. पोरगा गौरव कंपनीत लागला. "आता बास करा आबा," म्हणायला लागला. पण तेवढ्यात लोणावळ्याच्या अंगाला एक नवं पीक आलं. पाहुणे. शनिवार-रविवारी गाड्या भरभरून यायचे, चुलीवरचं जेवायचे आणि बैलगाडीत बसून डांबरी रस्त्यानं चक्कर मारायचे. डांबरावर खूर झिजतो. पत्री मारावीच लागते.

"ट्रॅक्टरनं हाकललेला बैल मुंबईवाल्यानं परत आणला," असं म्हणत भिकाजी पिशवी खांद्याला मारायचा आणि घोरावाडीला लोकल धरून मळवलीला उतरायचा.

मळवलीच्या पुढं हौशीरामाचं रान होतं. खाचरं विकली नाहीत एवढं एक शहाणपण केलेला माणूस. त्याचा पोरगा पप्पू तिथं पाहुण्यांची ऊठबस बघायचा. डांगी बैलांची जोडी होती. कवड्या आणि बाळ्या. काळे-पांढरे ठिपके, पावसाला न भिणारी जात. पप्पूनं पाहुण्यांना शेण दिसू नये म्हणून गोठ्यात सिमेंटचा कोबा केला होता. मागच्या खेपेला पत्र्या मारताना भिकाजीनं बघितलं, दोन्ही बैलांचे गुडघे सोलले होते.

"कोब्यावर बसून कातडं चाललंय की पप्पू. खाली भाताचा तूस पसर, चांगला ईतभर जाड. बैलाला गादी पायजे," तो म्हणाला. म्हणाला आणि विसरला. असल्या गोष्टी तो दर गोठ्यात सांगायचा.

त्याला अकरा दिवस झाले. रविवारी कवड्या भर रस्त्यात बसला. गाडीत पाहुणे होते, त्यांतली एक पोरगी मोबाइलवर चित्रण करत होती. बैल बसला तो उठेना. सहा माणसांनी फळी घालून त्याला टेम्पोत घातला, गोठ्यात आणला. सोमवारी सकाळी हौशीरामाचा फोन आला.

"भिकाजी, ये आन् आपली करणी बघ."

भिकाजी गेला. कवड्या तुसाच्या गादीवर छाती टेकून बसला होता, मान कुशीकडं वळवून. डोळे मात्र लख्ख उघडे. ताप नाही, जखम नाही, कुठं सूज नाही. तोंडातनं लाळेची तार जमिनीला लागली होती.

हौशीराम खांबाला टेकून उभा होता. तीस वर्षांची ओळख, पण आज त्यानं 'बस' म्हटलं नाही.

"मागचा उजवा," तो म्हणाला. "त्यो पाय आधी वढत व्हता. खिळा लागलाय तुझा."

"बघू दी की भाऊ."

भिकाजीनं पाय मांडीवर घेतला. पाय जड, ओल्या पोत्यासारखा. बैल पाय देताना झटका मारतो, निदान शेपटी तरी फेकतो. यानं काहीच केलं नाही. भिकाजीनं सांडशीनं खिळे काढले, पत्री सोडवली आणि खिळे तळहातावर घेऊन हौशीरामापुढं धरले. कोरडे, स्वच्छ. ना रक्त, ना पू.

"मासाला लागला असता तर खिळा बोलला असता, भाऊ."

"मंग पाडताना मणका लचकला. तू एकलाच वढतूस त्याला, मस्ती म्हनून."

"भाऊ..."

"हात म्हातारा झाला तुझा. सांगतूया ते आईक. हितनं पुढं माज्या गोठ्यात हातोडी आनू नगंस."

हौशीरामाची बायको झुंबरबाई चूल सोडून दारात आली होती. "आवो, चा तरी..." एवढंच बोलली आणि नवऱ्याच्या तोंडाकडं बघून परत चुलीकडं वळली.

जाता जाता भिकाजीनं बैलाचं तोंड उघडलं. आत काही रुतलंय का ते बघावं म्हणून जीभ धरून बाहेर ओढली. जीभ हाताला आली ती आलीच. सोडली तर ओठाबाहेर लोंबत राहिली, ओल्या फडक्यासारखी. बैलाला ती आत घेता येईना. त्याचा डोळा भिकाजीकडंच बघत होता. आपल्याला काय झालंय हे बैलाला कळत होतं, पण अंग ऐकत नव्हतं.

असली जीभ भिकाजीनं कधी बघितली नव्हती. पण ऐकली होती. कुठं, ते आठवेना. काढलेली पत्री त्यानं फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकली आणि तो निघाला.

लोकल रिकामीच होती, तरी तो बसला नाही. दारात उभा राहिला, मग पलीकडच्या दारात गेला, परत अलीकडं आला. पाडताना दोर वाकडा गेला होता का? नव्हता गेला. बैल कण्हला होता का? नाही. का कण्हला होता, आणि आपल्याला ऐकू आलं नाही? हल्ली डाव्या कानानं कमी येतं. कामशेत गेलं, वडगाव गेलं. तळेगावला एक ओळखीचा चढला, "जय भीम भिकाजीभाऊ, कुटं गेलता?" त्यानं विचारलं. भिकाजी "हितंच" म्हणाला आणि तोंड फिरवून उभा राहिला. अजून गावात पोचली नसेल बातमी. पोरीनं चित्रण केलंय म्हणजे संध्याकाळपर्यंत पोचेल.

घोरावाडीला उतरला. घरी जावं तर शालन, त्याची बायको, विचारणार. फलाटाच्या बाकावर टेकला, परत उठला. हाताला चाळा म्हणून त्यानं फडकं सोडलं आणि पत्री खरवडायला घेतली. पत्रीच्या आतल्या अंगाला तुसाचा लगदा दाबून बसला होता. शेण, तूस, आणि त्यात काहीतरी पांढरं.

नखानं उकरलं. पीस होतं. त्याच्या खाली करंगळीएवढं हाड, टोकाला वाळकी नखं. कोंबडीच्या पिलाचा पाय.

भिकाजी त्या हाडाकडं बघत राहिला आणि जीभ कुठं ऐकली ते त्याला आठवलं.

त्याचा आजा. बाप कामावर गेला की घरामागच्या उंबराखाली बसून आजा जुन्या गोष्टी सांगायचा. उन्हाळ्यात चारा संपला की गायरानात ढोरं मेलेल्या ढोराची हाडं चघळायची, आणि मग एकेक बसायची. 'हाड चघाळलेलं ढोर पायानं न्हाई पडत पोरा, जिभंनं पडतंय. आदी जीब मरती, मंग पाय, मंग दम. डोळं मातूर श्येवटपातुर जित्तं.' आजानं असली पंचवीसएक ढोरं ओढली होती. त्याच्याइतकं ते मरण कुणी जवळनं बघितलं नसेल. आणि तेच ज्ञान बापानं घरातनं हाकलून लावलं होतं.

म्हणजे कवड्याखाली पसरलेला तूस गिरणीचा नव्हता, पोल्ट्रीचा होता. कोंबड्यांच्या शेडमध्ये खाली भाताचा तूसच टाकतात. कोंबड्या गेल्या की तो खत म्हणून निघतो. मेलेली पिलं त्यातच दाबली जातात. खारट लागतो, बैल चाटत बसतो.

भिकाजीच्या छातीवरचा दगड उतरला. खिळा नाही, दोर नाही, हात म्हातारा झाला नाही. आणि लगेच दुसरा दगड बसला. तूस पसरा, कुणी सांगितलं? बैलाला गादी पायजे, हे कुणाचं तोंड?

आणि बाळ्या अजून त्याच गादीवर उभा होता.

त्यानं हौशीरामाला फोन लावला. कापला. परत लावला. परत कापला. पप्पूचा लागेना. तेवढ्यात शालनचाच आला.

"भाकरी थापून बसलीया मी. कुटं हायसा?"

"घोरावाडीला. परत मळवलीला जातुया."

"आता? त्यांनी हाकललं न्हवं तुमाला? मगाशीच फोन आलता गौरवचा, त्येच्या मोबाइलवर आलंय बैलाचं, आन् तुमाला हाकलल्याचं बी."

भिकाजीनं सगळं सांगितलं. पलीकडं तवा खाली उतरवल्याचा आवाज आला.

"खिळ्याचा आळ गेला न्हवं? जाऊ द्या तेवढ्यावर," शालन म्हणाली. "तुसाचं सांगायला जाल तर म्हनत्याल, ह्येनंच सांगितलं. येक काढून दुसरं गळ्यात घालून घ्यायचं व्हय? आन् ईचारलं कसं कळलं तुमाला, तर काय सांगनार? आजाचं?"

"बाळ्या खातुया त्ये, शालन."

"मंग जावा. मी कोन सांगनारी. जाताना काय तरी खावा म्हंजे झालं, उपाशी भांडायला जाऊ नगा."

दुपारच्या वेळी लोकलला खंड असतो, पुढची गाडी दीड-दोन तासांनी. भिकाजीनं फलाटाच्या दोन फेऱ्या मारल्या आणि मग त्याला राहवेना. हमरस्त्याला आला, हात करत राहिला. गॅस सिलिंडरच्या एका टेम्पोनं वडगावपर्यंत सोडलं, तिथनं विटांच्या गाडीनं कामशेतला, पुढं एका पोराच्या मोटारसायकलवर मागं. दर थांब्याला वाटायचं, उतरावं आणि परत फिरावं. आपलं काय जातंय? ज्यानं हाकललं त्याचा बैल. पण बाळ्याचे खूर त्यानं स्वतः साळले होते. मागच्या डाव्या खुराला चीर होती, ती भरून आलेली त्यानंच बघितली होती. असलं काही कळलेलं माणसाला बसू देत नाही.

तो पोचला तेव्हा गोठ्यात गर्दी होती. गुरांच्या सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई, माधवी मॅडम, कवड्यापाशी गुडघ्यावर बसल्या होत्या. पलीकडं झुंबरबाई बांबूचं नळकांडं घेऊन उभी होती, त्यात गूळ घातलेला काढा.

"नका पाजू आजी," मॅडम म्हणाल्या. "त्याला गिळता येत नाहीये. पाजलंत तर सरळ फुप्फुसात जाईल." मग पप्पूकडं वळल्या. "मी तिसऱ्यांदा विचारतेय. याच्या खाण्यात काय वेगळं आलं?"

"काय न्हाई मॅडम. पेंड, वैरन, नेहमीचंच," पप्पू म्हणाला.

"कोंबडी आली खान्यात," भिकाजी दारातनं म्हणाला.

सगळी वळली. हौशीरामाचा चेहरा लाल झाला. "तुला सांगितलं न्हवतं का रं..."

"हातोडी आनली न्हाई भाऊ. हे आनलंय." त्यानं फडकं मॅडमपुढं उघडलं. पीस, हाड, नखं.

मॅडमनी हाड उचललं. मग कवड्याच्या खालचा तूस मुठीत घेतला, नाकाशी नेला. उकरला. आणखी एक पीस, आणि चिपाडासारखं वाळलेलं एक अख्खं पिलू.

"हा कुठून आणला?"

पप्पूची मान खाली. "गिरनीचा मिळत न्हाई मॅडम आता, कंपन्या नेत्यात जाळायला. वळखीच्या पोल्ट्रीतनं आनला. वाळलेला व्हता. वास बी न्हवता."

"विषाला वास नसतो," मॅडम म्हणाल्या. "मेलेल्या कोंबडीत तयार होतं ते. बोट्युलिझम म्हणतात. मेंदू सांगतो, ऊठ. तो निरोप नसेतनं स्नायूपर्यंत येतो आणि दाराशीच अडतो. स्नायूला पोचतच नाही. म्हणून बैलाला सगळं समजतंय, पण जीभ हलत नाही, पाय हलत नाही. खिळ्याचा काही संबंध नाही याच्याशी."

ती वाक्यं भिकाजीच्या बाजूची होती आणि तिथंच गोष्ट थांबली असती तर बरं झालं असतं. पण हौशीराम पोरावर तुटून पडला.

"तुला कुनी सांगितलं रं गादी घालायला? बैलाला गादी! कुनाच्या डोस्क्यातनं निगालं ह्ये?"

पप्पूनं भिकाजीकडं बघितलं. नाव घेतलं नाही. पोरगं तेवढं सरळ होतं, किंवा तेवढं घाबरलेलं.

"मी सांगितलं," भिकाजी म्हणाला. "गुडगं सोललं व्हतं, म्हनून. कुटला तूस, ह्ये मी सांगितलं न्हाई आन् ईचारलं बी न्हाई. ईचारायला पायजे व्हतं."

हौशीराम त्याच्याकडं बघत राहिला. शिवी ओठाशी आली होती, ती कुणाला द्यायची ते त्याला ठरवता येईना.

"आन् तुला कसं कळलं, कोंबडीचं?" शेवटी तो म्हणाला. "डाक्टरला कळंना, तुला कळलं?"

"माजा आजा ढोरं वढायचा," भिकाजी म्हणाला. "हाड चघाळलेलं ढोर जिभंनं पडतं, ह्ये त्येला ठावं व्हतं." हे तो आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत बोलला, आणि बोलल्यावर त्याला वाटलं होतं तसं काही झालं नाही. गव्हाणीवरची माशी उडाली, तेवढंच. "ते ऱ्हाऊ द्या. आदी बाळ्याला काडा तितनं."

बाळ्याला काढला. आंब्याखाली मातीत बांधला. मॅडम म्हणाल्या, याच्या पोटात किती गेलंय सांगता येत नाही. दहा-बारा दिवस नीट लक्ष ठेवा. रोज जीभ ओढून बघा, जोरानं आत घेतो का.

"त्ये मी बगतो," भिकाजी म्हणाला. त्याला कुणी बोलावलं नाही आणि कुणी नकोही म्हटलं नाही.

बुधवारी दुपारी कवड्या गेला. सकाळपासनं त्याचं पोट नुसतं भात्यासारखं हलत होतं, मग तेही थांबलं. डोळे उघडेच. झुंबरबाईनं त्याच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं. गावातली चार माणसं आली होती, त्यातला नथू म्हणून एक म्हातारा, त्याला गप्प बसायची सवय नव्हती.

"आता वढायचं कसं ह्ये धूड?" तो म्हणाला, आणि त्याची नजर फिरत फिरत भिकाजीवर आली आणि तिथं जरा जास्त थांबली.

"आमच्यात त्ये काम छप्पन सालीच सुटलं, नथूआबा," भिकाजी शांतपणे म्हणाला. "आमी फकस्त ज्ञान ठिवलंय त्यातलं. वढायला जेसीबी बोलवा."

पप्पू पटकन फोन घेऊन बाजूला गेला.

जेसीबी येईस्तोवर भिकाजीनं कवड्याच्या उरलेल्या सात पत्र्या काढल्या. आपलं लोखंड मातीत जाऊ द्यायचं नाही, ही नालबंदाची शिकवण. त्यानं खिळे ओळीनं कट्ट्यावर मांडले. हौशीराम आला, एक उचलला, उन्हात धरून फिरवून फिरवून बघितला आणि परत ओळीत ठेवला. जेसीबी आला. खोल खड्डा घेतला, बैलावर चुन्याची पोती रिकामी केली आणि तो सगळा तूसही त्याच्यावरच ओतला. गादी बैलाबरोबर गेली.

मग सुरू झाले ते दिवस भिकाजीला कवड्याच्या मरणापेक्षा जड गेले. रोज सकाळची लोकल, रोज आंब्याखाली जायचं, बाळ्याचं तोंड उघडायचं, जीभ ओढायची आणि सोडायची. पहिले तीन दिवस ती फटकन आत गेली. चौथ्या दिवशी गेली, पण सावकाश. पाचव्या दिवशी टोक जरा बाहेरच राहिलं. बाळ्यानं वैरण तोंडात घेतली आणि चावायचीच विसरला. हौशीराम दोन पावलांवर उभा असायचा, हाताची घडी घालून. भिकाजी जीभ सोडायचा आणि दोघंही श्वास धरून बघायचे. बघून झालं की एक गोठ्याकडं जायचा, एक स्टेशनाकडं.

घरी आला की भिकाजीचं अन्नात लक्ष नसायचं. स्वतःची जीभ टाळ्याला लावून बघायचा.

"आता आरशात बगा म्हंजे झालं," शालन म्हणायची. "बैल तितं आन् लाळ हितं."

सहाव्या दिवशी बाळ्या बसला. मॅडमनी सलाइन लावलं, दर दोन-तीन तासांनी कूस बदलायला सांगितलं. पप्पू, झुंबरबाई, हौशीराम, सगळी त्याला ढकलून कुशीवर वळवायची. भिकाजी असला की तो शेपटाकडं उभा राहायचा. बैल पाडण्यात आयुष्य गेलेला माणूस बैल बसता ठेवायला, उठवायला धडपडत होता. दोर नव्हता, बिडी नव्हती. नवव्या दिवशी बाळ्यानं कान हलवला. दहाव्या दिवशी पुढचे गुडघे टेकून उभं राहायचा यत्न केला आणि पडला. झुंबरबाई रडायला लागली, तर हौशीराम तिच्यावर खेकसला, "रडतीस काय, पडला म्हंजी उटला व्हता की!"

तेराव्या दिवशी भिकाजी आला तेव्हा बाळ्या चारी पायांवर उभा होता. पाय थरथरत होते, पण पोटाखालनं पलीकडचं रान दिसत होतं. भिकाजीनं पिशवी खाली ठेवली. जबडा उघडला, जीभ धरली, ओढली. सोडायच्या आतच बाळ्यानं असा हिसडा दिला की भिकाजीचं मनगट दाताला घासून सालटं निघालं.

"आरं तुज्या बैलाच्या..." भिकाजी ओरडला, आणि हौशीराम दोन आठवड्यांत पहिल्यांदा हसला.

झुंबरबाईनं जखमेला हळद दाबली आणि चहा आणला. भिकाजी आंब्याच्या मुळीवर टेकला. खरंच टेकला, पाठ लावून. हौशीराम बाळ्याभोवती एक चक्कर मारून आला.

"पत्री ढिली झालीया त्याची. म्होरच्या डाव्याची," तो म्हणाला.

"बगितली."

"मंग? हातोडी न्हाई आनली?"

"तुमीच म्हनला व्हता, आनू नगंस."

"मी लय काय काय म्हनतो," हौशीराम म्हणाला आणि दुसरीकडं बघू लागला.

"आज न्हाई पाडायचा त्याला," भिकाजी म्हणाला. "महिनाभर दोर लावायचा न्हाई. ढिली पत्री तेवढी काडून टाकू उभ्या-उभ्या. डांबरावर न्यायाचा न्हाई, मातीत हिंडू दी."

"बरं. महिन्यानं ये मंग."

भिकाजी उठला. गोठ्यात डोकावला. कोबा पप्पूनं फोडून काढला होता, खाली लाल माती चोपली होती आणि तिच्यावर पेंढा अंथरला होता. भिकाजी वाकला, पेंढ्याची एक मूठ घेतली, मोडून बघितली, नाकाशी नेली.

"कुटला हाय ह्यो?"

"आपल्याच खाचरातला," हौशीराम म्हणाला. "मी सोता कापलाय."

भिकाजीनं मूठ परत खाली सोडली, मग आणखी एका कोपऱ्यातनं घेतली आणि तीही मोडून बघितली.